बोलोन्याचा कवडसा

इटलीला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन शहरे पाहून परततात. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाणारी आगगाडी ॲपेनाइन डोंगरांतील लांबलचक बोगदे ओलांडून सपाटीवर उतरते आणि बोलोन्या नावाच्या मोठ्या जंक्शनवर थांबते. तेथे उतरणारे थोडे. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र जमल्यास तेथे उतरावे आणि निदान दोन दिवस राहावे, असे मला वाटते. युरोपातील सर्वांत जुने विद्यापीठ या गावात आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. दुर्बिणी आणि घड्याळे बाल्यावस्थेत होती त्या काळापासून येथील अभ्यासकांनी गावातल्या इमारतींनाच उपकरणे बनवले. एका चर्चमध्ये त्यांनी सूर्य मोजला आणि एका मनोऱ्यात पृथ्वीचे फिरणे मोजण्याचा प्रयत्न केला. ही दोन्ही ‘उपकरणे’ अजून जागेवर उभी आहेत.

बोलोन्याला इटलीत तीन टोपणनावे आहेत: विदुषी, लठ्ठ आणि तांबडी. तांबडी ती विटांच्या रंगामुळे (पुढे डाव्या राजकारणामुळेही), लठ्ठ ती खाण्यापिण्यामुळे. येथील प्रसिद्ध पदार्थांत मांस असतेच. पण पनीरसारखे रिकोटा आणि पालक भरलेले तोर्तेल्लोनी शाकाहारी माणसाचीही चांगली सोय करतात. गावात हिंडताना पहिल्यांदा नजरेत भरतात त्या रस्त्यांच्या दुतर्फा धावणाऱ्या कमानींच्या पडव्या. घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढायचे, त्यांना खालून खांबांचा आधार द्यायचा आणि खालची जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, अशी ही रचना आहे. मध्ययुगात गावात माणसांची, त्यांत परगावच्या विद्यार्थ्यांचीही, इतकी दाटी झाली की खोल्या वाढवायला दुसरी जागाच नव्हती. १२८८ साली नगरपालिकेने नियमच केला की नवे घर पडवीसह बांधले पाहिजे. जागा मालकाची, वापर सर्वांचा. जुन्या गावात अशा पडव्यांची लांबी सुमारे ३८ किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. भर पावसात छत्रीवाचून गाव पाहता येते, हा आपला फायदा.

विद्यापीठाची स्थापना १०८८ सालची मानतात. ‘मानतात’ असे म्हणण्याचे कारण असे की स्थापनेची सनद वगैरे काही नाही. एकोणिसाव्या शतकात कवी कार्दुच्ची यांच्या पुढाकाराने इतिहासकारांच्या समितीने हे वर्ष ठरवले आणि १८८८ साली आठशेवा वाढदिवस साजरा झाला. सुरुवातीला येथे शिकवला जाई तो रोमन कायदा. तो शिकायला आल्प्सपलीकडूनही तरुण येत. परक्या गावात त्यांना कायद्याचे संरक्षण नव्हते. एखाद्याच्या देशबांधवाने कर्ज बुडवले तर सावकार या विद्यार्थ्याला धरत. म्हणून त्यांनी आपले संघ बांधले. अशा संघाला लॅटिनमध्ये ‘युनिव्हर्सिटास’ म्हणत. म्हणजे विद्यापीठ हा शब्द मुळात इमारतीचा नव्हे, शिक्षकांचाही नव्हे. बोलोन्यात तरी तो विद्यार्थ्यांच्या संघटनेचा आहे.

या संघाने शिक्षकांसाठी केलेले नियम आपल्या शिक्षक वाचकांनी जरूर पाहावेत. परवानगीवाचून एक दिवसही गैरहजर राहता येत नसे. गावाबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवावी लागे. घंटा होताच शिकवायला सुरुवात करायची आणि पुढची घंटा होताच थांबायचे. ग्रंथातले प्रकरण गाळायचे नाही. अवघड भाग तासाच्या शेवटावर ढकलायचा नाही. व्याख्यानाला पाच विद्यार्थीसुद्धा जमले नाहीत तर शिक्षक गैरहजर होता असे समजून दंड! शिक्षकाला मिळणारी फी विद्यार्थ्यांच्याच खिशातून येत असल्याने हे शक्य होते. पुढे नगरपालिकेने पगार द्यायला सुरुवात केली तसा विद्यार्थ्यांचा हा अंमल ओसरत गेला. तो ओसरला हे बरे झाले की वाईट, याबद्दल शिक्षकखोलीत एकमत होईल. वर्गात होईलच असे नाही.

विद्यापीठ पहिली काही शतके भाड्याच्या घरांत आणि मठांत भरत होते. १५६२-६३ मध्ये त्याला आर्किजिन्नाझिओ ही स्वतःची इमारत मिळाली. आज तेथे ग्रंथालय आहे. भिंती आणि छत विद्यार्थ्यांच्या कुलचिन्हांनी भरून गेले आहेत. अशी सुमारे सहा हजार चिन्हे तेथे आहेत. याच इमारतीत १६३७ साली बांधायला घेतलेले लाकडी शवविच्छेदनगृह आहे. मध्ये संगमरवरी मेज, भोवती चढत्या बाकांच्या रांगा आणि प्राध्यापकाच्या आसनावरचे छत तोलून धरणारे, कातडी सोललेल्या माणसांचे दोन लाकडी पुतळे. १९४४ सालच्या जानेवारीत विमानांतून पडलेल्या बाँबने हे दालन जमीनदोस्त झाले. युद्धानंतर ढिगाऱ्यातून मूळचे तुकडे वेचून ते पुन्हा उभारले.

आर्किजिन्नाझिओच्या शेजारीच सान पेत्रोनिओचे प्रचंड चर्च आहे. १३९० साली सुरू झालेले हे बांधकाम कधीच पुरे झाले नाही. दर्शनी भिंतीचा खालचा भाग संगमरवरी तर वरचा उघड्या विटांचा आहे. समोरच्या चौकात नगरपालिकेच्या वाड्यावर एका पोपचा कांस्य पुतळा बसवलेला आहे. हा तेरावा ग्रेगरी. बोलोन्यातच जन्मलेला आणि येथेच कायदा शिकवलेला हा माणूस आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा कर्ता आहे.

चर्चला पंचांगाची गरज ईस्टरसाठी होती. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो आणि वसंतसंपात २१ मार्चला येतो असे चौथ्या शतकात गृहीत धरले होते. पण ज्युलियन कॅलेंडरातले वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. ही मिनिटे साठत जाऊन सोळाव्या शतकापर्यंत संपात ११ मार्चवर आला. म्हणून १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मोजण्यात आला. या सुधारणेच्या कामात भाग घेतलेल्या एग्नात्सिओ दांती या धर्मगुरू-ज्योतिर्विदाने त्याआधीच, १५७५-७६ च्या सुमारास, सान पेत्रोनिओत सूर्य मोजण्याची एक रेषा आखली होती. चर्च वाढवताना जिच्यात छिद्र होते ती भिंत पाडली गेली आणि रेषा निकामी झाली. तेव्हा नवी रेषा आखण्याचे काम विद्यापीठातल्या एका तरुण प्राध्यापकाने मागून घेतले. त्याचे नाव जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी. पुढे पॅरिसला जाऊन शनीच्या कड्यांमधली फट शोधणारा तो हाच. १६५५ साली तो तीस वर्षांचा होता.

चर्चमधला सूर्य

कौलारू घरात वाढलेल्या प्रत्येकाने कवडसा पाहिलेला असतो. कौलांच्या फटीतून आलेला उन्हाचा झोत जमिनीवर पडतो तेव्हा फट कशीही वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल किंवा लंबगोल दिसतो. कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. कॅसिनीने नेमके हेच केले. चर्चच्या छतात, जमिनीपासून २७ मीटर उंचीवर, त्याने एक छोटे गोल छिद्र ठेवले आणि त्याच्या पायथ्यापासून उत्तरेकडे फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची सरळ रेषा आखली. रोज मध्यान्ही सूर्य याम्योत्तर वृत्तावर येतो त्या क्षणी कवडसा या रेषेवर असतो. उन्हाळ्यात सूर्य उंच असल्याने तो पायथ्याजवळ, सुमारे साडेदहा मीटरवर, पडतो. हिवाळ्यात रेषेच्या दुसऱ्या टोकाला. अडचण होती ती खांबांची. चर्चचा अक्ष नेमका दक्षिणोत्तर नाही, त्यामुळे रेषा तिरपी जाते आणि अजस्र खांबांच्या रांगेतून तिला वाट काढावी लागते. छिद्राची जागा कॅसिनीने इतकी हिशेबाने निवडली की रेषा खांबांना जेमतेम चुकवून निघून जाते.

आजही हा कवडसा पाहता येतो. खरी मध्यान्ह आपल्या घड्याळाच्या बाराला होत नाही. बोलोन्यात ती हिवाळ्यात सव्वाबाराच्या आसपास आणि घड्याळे तासभर पुढे असतात त्या उन्हाळ्यात सव्वाएकच्या सुमारास होते. डिसेंबरअखेर सूर्यबिंब रेषेच्या उत्तर टोकाशी जवळजवळ ७० सेंटिमीटर रुंद होते आणि तिरपे पडल्यामुळे पावणेदोन मीटरहून अधिक लांब ताणले जाते. ते स्थिर नसते. मिनिटाला साधारण २९ सेंटिमीटर अशा गतीने ते पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते आणि अडीच मिनिटांच्या आत रेषा ओलांडून जाते. पृथ्वी फिरते हे आपण मुलांना रोज सांगतो. फरशीवर चालणारा हा उजेड पाहताना ते पटवून द्यावे लागत नाही.

कॅसिनीला मात्र ईस्टरपेक्षा वेगळ्याच प्रश्नात रस होता. सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभर सारख्या गतीने सरकत नाही. जानेवारीच्या आरंभी तो दिवसाला सुमारे ६१ कला सरकतो, जुलैच्या आरंभी सुमारे ५७ कला. (एक अंश म्हणजे ६० कला.) हा सुमारे ७ टक्क्यांचा फरक प्राचीन ग्रीकांनाही माहीत होता. त्यांचे स्पष्टीकरण असे: सूर्य खरे तर एकसारख्याच गतीने वर्तुळात फिरतो, परंतु पृथ्वी वर्तुळाच्या मध्यापासून बाजूला आहे. जुलैत सूर्य दूर असतो म्हणून हळू जातो असे वाटते. दूरच्या रस्त्यावरची एस. टी. सावकाश जाताना दिसते तसे. केप्लरने १६०९ साली याहून वेगळे सांगितले. अंतर वाढते तशी गतीही खरोखर कमी होते. म्हणून दिसणाऱ्या ७ टक्क्यांपैकी निम्मेच अंतराच्या खात्यावर जमा होतात, उरलेले निम्मे खऱ्या गतिबदलाच्या.

दोघांत खरे कोण? यासाठी कसोटी सोपी आहे. सगळा फरक अंतरामुळे असेल तर जुलैतले सूर्यबिंब जानेवारीतल्यापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी लहान दिसले पाहिजे. केप्लर बरोबर असेल तर साडेतीन टक्क्यांनीच. सूर्याचा कोनीय व्यास सुमारे ३२ कला. म्हणजे प्रश्न सव्वादोन कला की जवळपास एक कला, एवढाच. साध्या डोळ्यांनी हा फरक पकडणे अशक्य आहे. पण सान पेत्रोनिओच्या फरशीवर एक कला उन्हाळ्यात ८ मिलिमीटर आणि हिवाळ्यात २ सेंटिमीटर होते! छिद्राच्या रुंदीमुळे कवडशाच्या कडा पुसट होतात, त्याची वजावट करावी लागते. तरीही एवढी लांबी फूटपट्टीने मोजता येते. कॅसिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती मोजली. उत्तर केप्लरच्या बाजूने आले.

गॅलिलिओला शिक्षा होऊन तेव्हा २२ वर्षेच झाली होती. बोलोन्या पोपच्या राज्यात होते, रेषेचा खर्च चर्चच्या तिजोरीतून झाला होता आणि मोजमाप चर्चच्या फरशीवर झाले होते. अर्थात यातून पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सिद्ध होत नाही. दोघांमधले अंतर आणि गती यांचा संबंध केप्लरने सांगितल्यासारखा आहे एवढेच सिद्ध होते. फिरते कोण याविषयी कवडसा काही सांगत नाही. कॅसिनीनेही त्याबाबत सावधच भूमिका ठेवली. पण ‘एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला चर्च’ हे आपल्या पाठ्यपुस्तकांतले चित्र किती ढोबळ आहे, हे या रेषेजवळ उभे राहिले की कळते. गॅलिलिओवर झालेला अन्याय त्यामुळे लहान होत नाही. उलट, ज्यांना निरीक्षणाची किंमत इतकी चांगली ठाऊक होती त्यांनीच त्याला गप्प बसवले, म्हणून तो अधिक बोचतो.

हा प्रयोग शाळेत करण्यासारखा आहे. दिवसा अंधार करता येईल अशा खोलीच्या छतात, तीन मीटर उंचीवर, ३-४ मिलिमीटरचे छिद्र पुरेल. प्रतिमेची रुंदी छिद्रापासूनच्या अंतराच्या साधारण १०७ व्या भागाइतकी, म्हणजे येथे जवळपास तीन सेंटिमीटर, येते. दर आठवड्याला मध्यान्हीची जागा खडूने नोंदवावी. पुण्याच्या अक्षांशावर ती डिसेंबरअखेर छिद्राखालच्या बिंदूच्या उत्तरेला सुमारे २.७ मीटर, मार्चमध्ये एक मीटर आणि जूनअखेर चक्क दक्षिणेला २६ सेंटिमीटर येईल. अर्थात जूनमध्ये ढगांनी परवानगी दिली तर! बोलोन्यात कवडसा दक्षिणेला कधीच जात नाही. का, हे मुलांनाच विचारावे. सूर्याकडे थेट पाहू नये हे मात्र आधी बजावावे.

मनोऱ्यावरून टाकलेले गोळे

चौकातून पाच मिनिटे पूर्वेकडे चालले की बोलोन्याचे दोन जुळे मनोरे लागतात. बाराव्या शतकात येथील श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी असे डझनावारी मनोरे बांधले, थोडेच उरले. असिनेल्ली मनोरा ९७ मीटर उंच असून त्याला ४९८ पायऱ्या आहेत. शेजारचा गारिसेंदा ४८ मीटर उंच आणि इतका कललेला की चौदाव्या शतकातच त्याचा वरचा भाग उतरवावा लागला. त्याच्यावरून ढग गेला की तो अंगावर कोसळतो आहे असा भास होतो, याचा उल्लेख दान्तेने आपल्या महाकाव्यात केला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हा कल चिंताजनक झाल्याने गारिसेंदाभोवतीची जागा बंद करून त्याच्या मजबुतीचे काम हाती घेण्यात आले आणि असिनेल्ली चढणेही थांबवले गेले.

पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकले ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. ती घडली याचा भक्कम पुरावा नाही. असिनेल्लीवरून गोळे टाकले गेले याचा मात्र तपशीलवार पुरावा आहे. १६४० नंतरच्या दशकात रिच्चोली आणि ग्रिमाल्दी या दोन जेझुइट धर्मगुरूंनी ते टाकले. चंद्राच्या नकाशावर कोपर्निकसचे नाव घालणारे तेच हे रिच्चोली. गंमत म्हणजे पृथ्वी फिरते हे त्यांना मान्य नव्हते. वस्तूने कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, या गॅलिलिओच्या नियमाविषयीही ते साशंक होते.

तपासायचे तर सेकंदाचे भाग मोजायला हवेत आणि तसे घड्याळ अजून जन्माला आले नव्हते. म्हणून त्यांनी लंबक घेतला. लंबकाचा एक झोका किती काळाचा? ते ठरवण्यासाठी रिच्चोलींनी नऊ सहकाऱ्यांना बसवून पूर्ण २४ तास झोके मोजून घेतले. दर झोका नेमका एक सेकंदाचा असता तर ८६,४०० भरायला हवे होते. सुमारे ८८ हजार भरले. मग लंबकाची लांबी बदलून पुन्हा मोजणी. एवढी सिद्धता झाल्यावर आखूड लंबकाच्या तालावर मनोऱ्यावरून गोळे सोडले. समान कालखंडांनंतर कापलेली अंतरे १, ४, ९, १६, २५ या प्रमाणात निघाली. गॅलिलिओच बरोबर होता. सारख्या आकाराच्या गोळ्यांपैकी जड गोळा किंचित आधी पोचतो, म्हणजे हवेचा अडथळा नगण्य नाही, हेही त्यांनी नोंदवले. आपल्याला न आवडणारा निकाल या माणसाने १६५१ च्या आपल्या महाग्रंथात जसाच्या तसा छापला. शास्त्रज्ञांच्या चरित्रमालांमध्ये रिच्चोलींना जागा मिळत नाही. मला ती द्यावीशी वाटते.

पृथ्वी फिरत नाही यासाठी रिच्चोलींनी दिलेल्या युक्तिवादांत एक विलक्षण आहे. विषुववृत्ताजवळची जमीन ध्रुवाजवळच्या जमिनीपेक्षा वेगाने फिरणार; तेव्हा उत्तरेकडे डागलेला तोफगोळा किंचित पूर्वेकडे वळला पाहिजे; तो वळलेला कोणी पाहिलेला नाही; म्हणून पृथ्वी स्थिर. तर्क अगदी बरोबर होता. गोळा वळतोच, पण इतका थोडा की त्या काळच्या तोफांच्या नेमबाजीत ते कळणे शक्य नव्हते.

मनोऱ्यावरून टाकलेल्या गोळ्याबाबतही असेच घडते. मनोऱ्याचे टोक पायथ्यापेक्षा किंचित मोठ्या वर्तुळात, म्हणून किंचित अधिक वेगाने, पूर्वेकडे जात असते. टोकावरून सुटलेला गोळा हा जादा वेग घेऊन खाली येतो. तो ओळंब्याच्या पूर्वेला पडला पाहिजे. १७९१ साली बोलोन्यातल्याच जोव्हान्नी बात्तिस्ता गुल्येल्मिनी या धर्मगुरूने हे तपासायला असिनेल्लीच निवडला. ७८ मीटर उंचीवरून गोळा सुमारे चार सेकंदांत खाली येतो. वरचा सोपा हिशेब केला तर विचलन १६ मिलिमीटर येते. गोळा पडत असताना गुरुत्वाकर्षणाची दिशाही किंचित बदलते हे धरले तर त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ११ मिलिमीटर. शंभर मीटर उंचीचा, वाऱ्याने डोलणारा, उन्हाने वाकणारा विटांचा मनोरा आणि शोधायचा आहे बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी फरक! रस्त्यावरच्या गाड्यांचे हादरे टाळण्यासाठी गुल्येल्मिनी रात्री काम करी. त्याने सोळा गोळे टाकले आणि ते खरोखर पूर्वेकडे सरकलेले आढळले. मात्र अपेक्षेपेक्षा जास्त, आणि थोडे दक्षिणेकडेही. ओळंबा त्याने काही महिन्यांनंतर सोडला होता आणि तेवढ्या अवधीत मनोरा हलला नसेल याची खात्री नव्हती. त्यामुळे आकडा निर्णायक ठरला नाही. जर्मनीत बेंत्सेनबेर्गने तोच प्रयोग १८०२ मध्ये एका चर्चच्या मनोऱ्यात आणि १८०४ मध्ये खाणीत केला. सर्वांना पटेल असा पुरावा १८५१ साली फूकोच्या लंबकाने दिला. गुल्येल्मिनी गोळे टाकत होता तेव्हा गॅलिलिओचा ‘संवाद’ निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होताच. तो तेथून १८३५ साली निघाला.

मनोऱ्यांपासून निघणारा झांबोनी रस्ता विद्यापीठाच्या आजच्या वस्तीत जातो. पडव्यांखाली सायकली, भित्तिपत्रके, वादविवाद करणारी मुले. याच रस्त्यावरच्या पोज्जी वाड्यात संग्रहालय आहे. तेथे आन्ना मोरांदी या बाईंनी अठराव्या शतकात मेणाची केलेली शरीररचनेची प्रतिरूपे पाहावीत. स्वतःच्या हाताने शवविच्छेदन करून त्यांनी ती घडवली आणि शिकवण्यासाठी वापरली. त्यांच्याच काळात येथे लाउरा बास्सी होत्या. १७३२ साली, विशीत, त्यांनी पदवी मिळवली आणि विद्यापीठाने त्यांना अध्यापक नेमले. मात्र स्त्री असल्यामुळे जाहीर व्याख्यानांना जेव्हा बोलावणे येईल तेव्हाच यायचे, अशी अट घातली. बास्सींनी पतीबरोबर घरीच प्रयोगशाळा उभारली आणि तेथे वर्षानुवर्षे न्यूटनचे भौतिकशास्त्र प्रयोगांसह शिकवले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत त्यांचा नातलग स्पाल्लांझानी होता. १७७६ साली प्रायोगिक भौतिकीचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. तेव्हा त्यांचे वय ६५ च्या घरात होते आणि हाताखालचा साहाय्यक म्हणून नेमणूक झाली ती त्यांच्या पतीची.